तिला कशाला हवी होती ही उठाठेव?

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की आपल्याकडे पहिली कुजबुज सुनेबद्दल सुरू होते. उपास तिचे, नवस तिचे, अंगारे-धुपारे तिला आणि तपासण्याही तिच्याच! डोहाळजेवणाला, बारशाला तिला बोलवायचं की नाही यावर आपण बायकाच आपापसात खल करतो. मुलामध्ये काही दोष असेल हे कुणाच्या मनाला शिवत नाही. त्यातून तो धडधाकट, शेतात राबणारा गडी असेल तर बोलायलाच नको. मग त्याच्या पाठीवरच्या पंपात कोणतं औषध आहे, ते कातडीतून आणि श्वासातून त्याच्या अंगात किती जातं, त्याच्या बाप होण्याशी त्याचा काही संबंध असेल का, हे प्रश्न तर फारच लांब राहिले.

मैत्रिणींनो, हे प्रश्न १९६२ साली एका बाईने जगापुढे ठेवले. तिचं नाव रेचल कार्सन. डीडीटीच्या बेसुमार वापराविरुद्ध 'सायलेंट स्प्रिंग' म्हणजे 'मुका वसंत' हे पुस्तक लिहिणारी अमेरिकन शास्त्रज्ञ म्हणून जग तिला ओळखतं. फवारणीने पाखरं मेली आणि वसंत ऋतू मुका झाला, ही त्यातली कल्पना अनेकींनी ऐकली असेल. पण त्याच पुस्तकात तिने आणखी एक धागा हातात धरला होता. विष पाखरांपासून पुरुषाच्या बीजापर्यंत कसं पोचतं, त्याचा. त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. आपल्याकडे तर नाहीच. म्हणून आज तिची गोष्ट.

नदीकाठची मुलगी

रेचलचा जन्म २७ मे १९०७ चा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात अॅलेगनी नदीच्या काठी स्प्रिंगडेल नावाचं छोटं गाव आहे, तिथला. वडिलांची पासष्ट एकर जमीन होती, पण शेती नावालाच. ते विमा विकायचे आणि घरात पैशांची ओढाताण कायमचीच. आई मरिया लग्नाआधी शाळेत शिकवायची. लग्न झालं आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे तिची नोकरी सुटली. शिकवण्याची ती राहिलेली हौस तिने धाकट्या लेकीवर पुरी केली. आई तिला रानातून, ओढ्याकाठून हिंडवायची, पाखरांची, किड्यांची, पानाफुलांची ओळख करून द्यायची. पुस्तकांचं वेड तर इतकं, की १९१८ साली, अकराव्या वर्षीच रेचलची गोष्ट मुलांच्या एका नावाजलेल्या मासिकात छापून आली.

१९२५ मध्ये ती मुलींच्या कॉलेजात गेली. फीसाठी आईने घरातली चिनी मातीची ठेवणीतली भांडीसुद्धा विकली. आपल्याकडे मुलीच्या शिक्षणासाठी आईने बांगड्या मोडाव्यात, त्यातलाच प्रकार! लेखिका व्हायचं म्हणून तिने इंग्रजी साहित्य घेतलं होतं. पण मेरी स्किंकर नावाच्या प्राध्यापक बाईंनी जीवशास्त्र असं काही शिकवलं, की रेचलने मधूनच विषय बदलला. सगळ्यांनी वेड्यात काढलं. तेव्हा विज्ञान शिकून बाईला काम कोण देणार होतं? तरी १९२९ मध्ये ती उत्तम गुणांनी पदवीधर झाली. त्याच उन्हाळ्यात वुड्स होल इथल्या सागरी प्रयोगशाळेत जायला मिळालं आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी तिने पहिल्यांदा समुद्र पाहिला. पुढे १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्राणिशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. डॉक्टरेटही करायची होती, पण मंदीचे दिवस, घरी चणचण. १९३५ मध्ये वडील अचानक गेले आणि शिक्षण तिथेच थांबलं.

घरातली कर्ती

आता घर चालवायचं ते रेचलने. सरकारच्या मत्स्य खात्याला रेडिओवर माशांची माहिती द्यायची होती, पण कुणाला गोडीने लिहिता येत नव्हतं. ते काम तिला मिळालं. पुढच्या वर्षी परीक्षा देऊन ती त्याच खात्यात शास्त्रज्ञ म्हणून कायम झाली. त्या पायरीवर नेमलेली ती अवघी दुसरी बाई. १९३७ मध्ये थोरली बहीण वारली आणि तिच्या दोन लहान मुली रेचलच्या आणि म्हाताऱ्या आईच्या पदरात आल्या. दिवसा कचेरी, संध्याकाळी भाच्यांचं करायचं आणि रात्री लिहायचं, हा तिचा दिनक्रम.

१९४१ मध्ये पहिलं पुस्तक आलं, पण लगेच अमेरिका महायुद्धात उतरली आणि पुस्तकाकडे कुणी पाहिलं नाही. दहा वर्षांनी, १९५१ मध्ये आलेल्या समुद्रावरच्या पुस्तकाने मात्र तिचं नशीब पालटलं. ते ८६ आठवडे खपाच्या यादीत होतं, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. १९५२ मध्ये तिने नोकरी सोडली. मेन राज्यात समुद्रकाठी लहानसं घर बांधलं. आता कुठे मनासारखं जगावं, तर १९५७ च्या सुरुवातीला एक भाची वारली. तिचा मुलगा रॉजर तेव्हा पाच वर्षांचा. पन्नाशीला टेकलेल्या रेचलने त्याला दत्तक घेतलं. पाठोपाठ १९५८ च्या अखेरीस आईही गेली.

लग्न नाही, पोटचं मूल नाही, पण दोन मुली आणि एक मुलगा वाढवणारी ही बाई. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे हेच तिच्यावर उलटवलं गेलं.

जादूची पावडर

डीडीटीची नवलाई काय होती, ते आज आपल्याला कळणार नाही. दुसऱ्या महायुद्धात या पावडरीने उवा मारून टायफसची साथ रोखली. तिचा कीटकांवरचा परिणाम शोधून काढणारे पॉल म्युलर यांना १९४८ मध्ये नोबेल मिळालं. आपल्याकडेही १९५३ पासून हिवतापाच्या सरकारी मोहिमेत घरोघरी डीडीटी फवारलं गेलं. फवारणीवाले यायचे, भांडीकुंडी बाहेर काढायला लावायचे आणि जाताना भिंतीवर तारीख लिहून जायचे, हे घरातल्या वयस्कर बायकांना विचारा, त्या सांगतील. त्याने असंख्य जीव वाचले, हे कुणी नाकारत नाही. रेचलनेही नाकारलं नाही. कीटकनाशक कधीच वापरू नका असं तिचं म्हणणं नव्हतंच. काय आहे, किती आहे, पुढे त्याचं काय होतं, हे न तपासता आणि लोकांना न सांगता विष सगळीकडे ओतू नका, एवढंच तिचं म्हणणं होतं.

तिला ही शंका १९४५ पासून होती. त्यावर लेख लिहू का, असं तिने एका मोठ्या मासिकाला विचारलंही होतं. त्यांना विषय रुचला नाही. मग जानेवारी १९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ओल्गा हकिन्स या ओळखीच्या बाईंचं पत्र आलं. डास मारायला सरकारी विमानाने डीडीटी फवारलं आणि त्यांच्या अंगणातली पाखरं तडफडून मेली, असं त्यांनी वर्तमानपत्राला कळवलं होतं. त्याची प्रत रेचलला पाठवून त्यांनी मदत मागितली होती. त्याच सुमारास न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमध्ये काही रहिवासी हवाई फवारणीविरुद्ध कोर्टात गेले होते. त्यात मार्जोरी स्पॉक आणि त्यांची मैत्रीण पॉली रिचर्ड्स आघाडीवर होत्या. आपली बाग विषाशिवाय पिकवायची, एवढीच त्यांची मागणी. खटला त्या हरल्या, पण जमवलेला कागद न कागद त्यांनी रेचलला दिला. एवढं मोठं काम उभं राहिलं ते असं, अंगणातल्या बायकांच्या तक्रारीतून!

पाखरांकडून माणसाकडे

रेचलने चार वर्षं माहिती जमवली. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या आवारात एल्म नावाच्या झाडांवर रोग पडू नये म्हणून १९५४ नंतर डीडीटी फवारलं जाई. पानं गळायची, गांडुळं ती पानं खायची आणि वसंतात रॉबिन पक्षी ती गांडुळं खायचे. काही पक्षी तडफडून मेले. जे जगले त्यांनी घरटी बांधली, पण अंडी घातली नाहीत. घातली ती उबली नाहीत. तिथल्या पक्षितज्ज्ञांनी पक्षी तपासले तेव्हा माद्यांच्या अंडाशयात आणि नरांच्या वृषणात, म्हणजे जिथे बीज तयार होतं तिथेच, डीडीटी भरपूर साठलेलं आढळलं.

असं का होतं? डीडीटी पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतं. म्हणून ते लघवीवाटे धुऊन जात नाही, अंगातल्या चरबीत मुरून बसतं. आईच्या दुधातही उतरतं. पानातून गांडुळात, गांडुळातून पाखरात, असं वर चढता चढता ते दाट होत जातं. आपण दूध आटवतो तेव्हा प्रत्येक उकळीला ते घट्ट होतं ना, तसंच.

पाखरांचं हे, तर माणसाचं काय? १९४९ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका प्रमुख नियतकालिकात एक छोटी नोंद आली होती. विमानातून पिकांवर डीडीटी फवारणाऱ्या वैमानिकांच्या वीर्यात शुक्राणू कमी आढळले होते. पुढच्याच वर्षी सिरॅक्यूज विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी कोंबड्याच्या पिल्लांना डीडीटी टोचून पाहिलं. त्या नरांचे तुरे वाढले नाहीत आणि वृषणं जेमतेम पाचव्या हिश्शाएवढी राहिली. ते विष अंगात बायकी संप्रेरकासारखं वागत होतं. डॉक्टर लोकांच्या कपाटात अशा नोंदी पडून होत्या, पण त्या एकत्र ठेवून पाहायला कुणाला फुरसत नव्हती. वैमानिकांची ती नोंद रेचलने आपल्या पुस्तकात घेतली आणि रॉबिनच्या शेजारी मांडली. एका भागात तिने पेशीच्या आत काय चालतं तेही समजावलं. प्रत्येक पेशीत अन्नापासून शक्ती तयार करणारी एक चूलच असते. काही विषं त्या चुलीतला विस्तव विझवतात. शुक्राणूला तर लांबचा पल्ला पोहून गाठायचा असतो. शक्तीच नसेल तर तो पोचणार कसा? पुढच्या पिढीचा ठेवा जपायचा तर आजच्या बापाचं आणि आईचं बीज जपलं पाहिजे, हा तिच्या सांगण्याचा गाभा होता.

हे सगळं लिहीत असताना ती स्वतः काय सोसत होती, ते ऐका. १९६० च्या वसंतात तिच्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली. गाठ कॅन्सरची आहे हे डॉक्टरांनी तिला सांगितलंच नाही! बाईला तिच्याच देहाची खरी माहिती द्यायची नाही, हा तिथलाही रिवाज. वर्षअखेरीस दुसऱ्या डॉक्टरांकडून तिला खरं कळलं, तोवर रोग पसरला होता. किरणोपचार, सांधेदुखी, मध्ये काही आठवडे तर डोळ्यांनी वाचता येईना. तरी पुस्तक पुरं केलं. आणि आजार लपवून ठेवला. कारण तो कळला असता, तर ती स्वतःच्या दुखण्याचा राग कारखान्यांवर काढते आहे, असं म्हणायला लोक मोकळे झाले असते.

बिनलग्नाची बाई

जून १९६२ मध्ये पुस्तकाचे भाग एका साप्ताहिकात येऊ लागले, २७ सप्टेंबरला पुस्तक आलं आणि एकच गदारोळ उठला. एका रसायन कंपनीने प्रकाशकांना दाव्याची धमकी दिली. दुसरीने पुस्तकाची टर उडवणारा लेख छापून वाटला. ही बाई हळवी आहे, तिला मांजरं-पाखरांचं वेड आहे, ती कम्युनिस्टांची हस्तक आहे... काय वाट्टेल ते बोललं गेलं. त्या देशाच्या एका माजी कृषिमंत्र्याच्या नावावर तर असा सवाल सांगितला जातो, की जिला नवरा नाही, मूल नाही, तिला आनुवंशिकतेची एवढी काळजी कशाला?

हा सवाल वाचला तेव्हा मला तो परका वाटलाच नाही. आपल्या गावात मूल नसलेली बाई मुलांबद्दल काही बोलली, की तिला हेच ऐकवतात. मूल नसेल तर तिला मुलांची काळजी करायचा हक्क नाही, आणि मूल होत नसेल तर दोष मात्र तिचाच. दोन्हीकडून मार बाईलाच!

रेचलने त्या सवालाला उत्तर दिलं नाही. तिने पुरावा पुढे केला. एप्रिल १९६३ मध्ये टीव्हीवर तिचा कार्यक्रम होता. पाचपैकी तीन जाहिरातदारांनी आयत्या वेळी अंग काढून घेतलं, तरी तो झाला आणि घराघरांत तिचं शांत, मुद्देसूद बोलणं पोचलं. मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या विज्ञान समितीचा अहवाल आला. तिचं म्हणणं बव्हंशी बरोबर असल्याचं त्यातून दिसलं. जूनमध्ये ती सिनेटच्या समितीपुढे साक्षीला उभी राहिली. उपचारांनी केस गळालेले, डोक्यावर टोप, अंगात वेदना. तिथे बसलेल्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. आपल्या घरात कोणतं विष येतंय हे कळण्याचा आणि त्यापासून सुरक्षित राहण्याचा नागरिकाला हक्क आहे, ही तिची मागणी होती. १४ एप्रिल १९६४ ला ती गेली. वय ५६. रॉजर बारा वर्षांचा होता.

१९७० मध्ये अमेरिकेत पर्यावरण रक्षणासाठी स्वतंत्र खातं झालं. १९७२ मध्ये तिथे शेतीत डीडीटी वापरायला बंदी आली.

बाप होऊ न शकलेले कामगार

बीजाबद्दल तिने जी भीती घातली होती, ती तिच्यानंतर तेरा वर्षांनी समोर येऊन उभी राहिली. कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप गावी एक कारखाना होता. तिथे जमिनीतले सूत्रकृमी मारायचं डीबीसीपी नावाचं औषध तयार व्हायचं. तिथल्या कामगारांच्या बोलण्यात यायला लागलं, की आपल्यापैकी बऱ्याच जणांना मूलच होत नाही. १९७७ मध्ये आधी पाच जणांनी वीर्य तपासून घेतलं आणि शंका खरी निघाली. मग बाकीच्यांची तपासणी झाली. ज्यांनी जास्त वर्षं तिथे काम केलं होतं, त्यांच्यापैकी कित्येकांमध्ये शुक्राणू फार कमी होते किंवा अजिबात नव्हते.

आणि यातली चीड आणणारी गोष्ट अशी, की या औषधाने उंदरांची वृषणं सुकतात हे १९६१ मध्येच छापून आलं होतं. म्हणजे रेचलचं पुस्तक यायच्या आधी! कामगारांना मात्र कुणी सांगितलं नाही. काम सोडल्यावर काहींचे शुक्राणू परत आले, काहींचे कधीच आले नाहीत. अमेरिकेत हे औषध थांबवलं गेलं, पण मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांत ते नंतरही वापरलं गेलं. तिथल्या हजारो मजुरांना पुढे कोर्टाची पायरी चढावी लागली. मला राहून राहून वाटतं, या सगळ्या वर्षांत त्या मजुरांच्या बायकांना सासरी काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल!

१९९५ मध्ये आणखी एक दुवा हाती आला. डीडीटी अंगात गेल्यावर त्याचं जे रूप उरतं, ते पुरुषी संप्रेरकाची जागा अडवून बसतं, असं प्रयोगांत दिसलं. कुलपात दुसरीच किल्ली अडकून बसावी आणि खरी किल्ली लागूच नये, तसं. थिओ कोलबर्न या आणखी एका अभ्यासू बाईंनी असे दुवे गोळा करून १९९६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याआधी १९९२ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी जुन्या ६१ अभ्यासांचा ताळा केला होता. १९३८ ते १९९० या काळात वीर्यातल्या शुक्राणूंची सरासरी एका मिलिलीटरला ११ कोटी ३० लाखांवरून ६ कोटी ६० लाखांवर आल्याचं त्यांना दिसलं. २०१७ मध्ये आलेल्या मोठ्या पाहणीतही पाश्चात्त्य देशांत १९७३ ते २०११ दरम्यान हे प्रमाण निम्म्याहून खाली आल्याचं दिसलं. हे सगळं विषानेच झालं असं मात्र नाही. तंबाखू, दारू, लठ्ठपणा, बैठं काम, उष्णता अशी कारणं आहेत आणि आकडे कसे वाचायचे यावर तज्ज्ञांत वादही आहेत. पण काही विषं पुरुषाच्या बीजाला मारक असतात, याबद्दल आता शंका उरलेली नाही. शिसंही त्यातलंच.

आपल्या अंगणात

आपल्या देशात १९८९ पासून डीडीटी शेतीत वापरायला बंदी आहे. पण इतर औषधांचं काय? केरळात कासरगोडच्या काजूबागांवर वर्षानुवर्षं विमानातून एंडोसल्फान फवारलं गेलं. तिथल्या मुलग्यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांचं वयात येणं लांबल्याचं आढळलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फान थांबवलं. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते मरण सगळ्यांना दिसलं. जे थोडं थोडं अंगात जातं आणि मारत नाही, ते दिसत नाही.

बचत गटाच्या कामात एक मुलगी भेटली होती. लग्नाला सहा वर्षं झालेली, तीन डॉक्टर आणि दोन बाबा झाले होते. नवरा हंगामभर दुसऱ्यांच्या शेतात रोजाने फवारणीला जायचा. उघड्या हातांनी औषध कालवायचं, तोंडाला जुना रुमाल. त्याची तपासणी एकदाही झाली नव्हती. मी विषय काढला तर सासूबाई उठूनच गेल्या. तिसऱ्या खेपेला नवरा स्वतः तयार झाला. शुक्राणू कमी निघाले. ते फवारणीनेच, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही आणि डॉक्टरांनीही सांगितलं नाही. त्याने फवारणी सोडली, तंबाखू सोडली, उपचार सुरू केले. मूल व्हायचं तेव्हा होईल, न होईल. पण त्या घरात तिला बोलणं थांबलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

म्हणून मैत्रिणींनो, काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. मूल होत नसेल तर दोघांनी तपासणी करावी आणि पुरुषाची आधी करावी. वीर्यतपासणी सोपी असते, बाईच्या तपासण्यांसारखा त्यात त्रास नाही. मूल न होण्याच्या साधारण निम्म्या घटनांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बाईच्या कारणाबरोबर असतं. आणि शुक्राणू कमी असणं म्हणजे पुरुषपण कमी असणं नव्हे, हेही त्याला प्रेमाने समजवा. दोषाचं ओझं एका खांद्यावरून काढून दुसऱ्यावर लादायचं नाही. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात आणि ते सतत तयार होत असतात. त्यामुळे विष थांबलं तर बऱ्याचदा सुधारायला वाव असतो.

फवारणी करावीच लागत असेल तर हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, चष्मा, तोंडाला मास्क हवा. औषध हाताने नाही, काठीने कालवायचं. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारायचं नाही, मध्ये बिडी-तंबाखू नाही. घरी आल्यावर आधी आंघोळ, मग लेकराला उचलून घेणं. त्याचे कपडे वेगळे भिजवा, वेगळे धुवा, तेही हातमोजे घालून. रिकामे डबे धुऊन पाण्याला, धान्याला वापरू नका. फवारणीचं पाणी डोक्यावरून आणून देणं बहुधा आपल्याच वाट्याला येतं. दिवस गेलेल्या बाईला तिथे अजिबात पाठवू नका, कारण हे विष आपल्या बीजालाही सोडत नाही. आणि औषधाच्या डब्यावर काय लिहिलंय ते दुकानदाराला मोठ्याने वाचायला लावा. घरात काय येतंय ते कळण्याचा हक्क रेचलने मागितला होता, तो वापरायची सुरुवात अशीच होईल.

तिच्या मृत्यूनंतर १९८० मध्ये अमेरिकेने तिला आपला सर्वोच्च नागरी सन्मान दिला. या बाईला कशाला हवी ही काळजी, असं विचारणारे तेव्हा कुठे होते कोण जाणे! पण तुमच्या ओळखीत अशी एखादी सून असेल, तर या आठवड्यात तिच्या सासूबाईंशी एकदा बोला. उठाठेव म्हणतील, म्हणू द्या.